भोपळ्याचा भाता

उंबरगाव रोडच्या रेल्वे स्थानकावर उतरून, समुद्राकडे पाठ करून चालू लागले, म्हणजे गुजरातेतले सोळसुंबा कोठे संपले आणि महाराष्ट्रातले वेवजी कोठे लागले हे पायांना समजत नाही. ते तलाठ्याच्या दप्तरातल्या नकाशाला ठाऊक असते, आणि त्या हद्दीविषयीही दोन्ही बाजूंना वाद उद्भवल्यावाचून राहिलेला नाही. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची वाटणी झाली, तोपर्यंत उंबरगाव तालुक्याचा हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात एकत्र नांदत होता. वाटणीत तालुक्याची काही गावे गुजरातच्या सुरत जिल्ह्यात गेली, उरलेली महाराष्ट्राकडे राहिली, आणि पुढे तलासरी हे त्यांच्या कचेरीचे ठिकाण झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर निराळे निघाले, तेव्हा वेवजीच्या सातबाऱ्यावर जिल्ह्याचे आणखी एक नवे नाव चढले. या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट मात्र जागची हलली नाही. भाताची कणसे पिवळी पडू लागली, की संध्याकाळच्या धुरकट हवेतून पाड्यापाड्यावर जो घोगरा, सलग, छातीत उतरणारा नाद ऐकू येऊ लागतो, तो हद्दीच्या अलीकडच्या वारल्याला जितका आपला वाटतो तितकाच पलीकडच्यालाही वाटतो, आणि १९५४ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली असलेल्या दादरा-नगर हवेलीतल्या वारल्यालाही वाटतो. तो नाद तारप्याचा.

मी तारप्याकडे वळलो तो मात्र एका परदेशी वाद्याच्या वाटेने. माझ्या संग्रही एक जुनी काँसर्टिना आहे. मुंबईच्या चोरबाजारात, पितळी समया आणि मोडकी घड्याळे यांच्या ढिगात ती मला सापडली. षट्कोनी आकाराचे दोन लाकडी तुकडे, त्यांच्यामध्ये कातडी घड्यांचा भाता, दोन्ही बाजूंना हाडाच्या लहान लहान गुंड्या; दोन तळहातांत मावेल एवढे हे वाद्य, पण भाता ओढताच खोली भरून टाकते. ते थोडेफार वाजवता येऊ लागल्यावर, आपल्यासारखेच चार वादक गाठून एखादा लहानसा वृंद उभा करावा, ही इच्छा मला काही वर्षे स्वस्थ बसू देईना. वादक मिळाले नाहीत. पण त्या शोधात, माणसे वाद्याभोवती जमतात ती कशी आणि कशासाठी, हा प्रश्न मनात घर करून बसला, आणि त्याचे उत्तर शोधीत मी ज्या ठिकाणी पोहोचलो ते वेवजीच्या परिसरातल्या एका पाड्यावरचे, कुडाच्या भिंतींचे घर होते.

त्या घरात चुलीच्या वर, आढ्याला, तीन भोपळे टांगलेले होते. चुलीचा धूर त्यांना अहोरात्र लागावा, म्हणजे कीड लागत नाही आणि साल हाडासारखी कठीण होते, असे घरधन्याने सांगितले. तारप्याचा देह या वाळलेल्या दुध्या भोपळ्याचा असतो. आतला गर आणि बिया काढून तो पोकळ केला, की एका अंगाला फुंकण्यासाठी छिद्र पाडतात आणि खालच्या तोंडात बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवतात. या नळ्यांची जी टोके भोपळ्याच्या पोटात जातात, त्यांना बारीक बांबूचीच जीभ असते: पेरावर धारदार सुरीने अशी पातळ चीर घ्यायची, की एक बाजू पेराला धरून राहील आणि दुसरी बाजू वाऱ्याने थरथरेल. नळ्यांना बोटांसाठी छिद्रे. सारे सांधे मधाच्या पोळ्याच्या मेणाने बुजवलेले. आणि नळ्यांच्या बाहेरच्या टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळत गुंडाळत रुंदावत नेलेला कर्णा. तारपा माणसाच्या उंचीएवढा असू शकतो आणि त्याहून लांबही. तेव्हा तो वाजवणारा, ज्याला या मुलखात तारपकरी म्हणतात, वाद्य धरून उभा राहिलेला न दिसता वाद्यानेच त्याला पुढे ओढीत नेले आहे असा भास होतो.

घरधन्याच्या हाती मी माझी काँसर्टिना दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, एक गुंडी दाबून भाता हलकेच ओढला, पुन्हा मिटला, कानाशी धरून आणखी एकदा ओढला. आणि मग शेजारी बसलेल्या भाच्याकडे वळून म्हणाला, ‘याचा भोपळा मिटतो.’ वाद्यशास्त्रावरच्या ग्रंथांतून मला जे उमगले नव्हते, ते या तीन शब्दांत उमगले. भोपळा हा तारप्याचा भाता आहे. तारपकरी गाल फुगवून हवा भोपळ्यात सोडीत राहतो आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास घेत राहतो. छातीतली हवा संपली तरी गालांतली पुरते, आणि सूर तुटत नाही. हे कसब शिकायला वर्षे लागतात, पण एकदा साधले की तारपकरी रात्र रात्र वाजवीत राहतो. काँसर्टिनेच्या कारागिराने हेच काम कातड्याच्या घड्यांवर सोपवले आणि माणसाचे तोंड मोकळे केले.

काँसर्टिनेची आणि तारप्याची जात मात्र एक नव्हे, आणि हा भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. तारप्याची जीभ नळीच्या कडेवर आपटून वाजते. काँसर्टिनेची जीभ, जिला आपले पेटीवाले ‘सूर’ म्हणतात, पितळेच्या वा पोलादाच्या पट्टीची असते आणि धातूच्या चौकटीतल्या फटीतून कोठेही न आपटता मागेपुढे झुलते. अशा मुक्त जिभेचे वाद्य चीनमध्ये शेंग या नावाने फार प्राचीन काळापासून होते. बांबूच्या नळ्यांचा तो जुडगा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच मिशनऱ्यांमार्फत पॅरिसला पोहोचला, आणि युरोपातल्या कारागिरांच्या डोक्यात त्याने एक नवीनच खटाटोप सुरू केला. लंडनचा शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन, ज्याचे नाव तारायंत्राच्या इतिहासात अधिक येते, त्याने १८२९ साली एका तोंडाने वाजवायच्या वाद्याचे पेटंट घेतले आणि त्याच कल्पनेचा विस्तार करीत १८४४ साली काँसर्टिनेचे. त्याच्या आधी जर्मनीतल्या केम्निट्स शहरी कार्ल उहलिगने १८३४ च्या सुमारास निराळ्या घडणीची काँसर्टिना केलेली होती, आणि १८४२ साली पॅरिसच्या आलेक्सांद्र दबॅंने हार्मोनियमचे पेटंट घेतले. म्हणजे काँसर्टिना आणि आपली पेटी या जवळजवळ एकाच दशकात जन्मलेल्या चुलत बहिणी.

इंग्लंडात काँसर्टिना प्रथम श्रीमंतांच्या दिवाणखान्यात वाजली, पण तिचा खरा संसार झाला तो यॉर्कशर आणि लँकेशर या परगण्यांत, सूतगिरण्यांच्या आणि कोळशाच्या खाणींच्या गावांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील कामगारांनी केवळ काँसर्टिनांचे बँड उभे केले. वीस-पंचवीस माणसे, कुणाच्या हाती बारीक आवाजाची, कुणाच्या हाती खर्जाची, असे वाटून घेऊन ते मिरवणुकीतून चालत आणि मँचेस्टरला बेल व्ह्यूच्या मैदानात चढाओढीला उतरत. दिवसभर साच्यावर वा खाणीत राबून आलेल्या माणसाला संध्याकाळी जोडीदारांबरोबर बसून वाजवावेसे वाटले, यात नवल काहीच नाही. हे शक्य कशामुळे झाले, ते पाहण्याजोगे आहे. एकाच कारखान्यात, एकाच मापाच्या पट्ट्या कानशीने घासून एकाच सुराला आणलेल्या असल्यामुळे, एका गावच्या माणसाची काँसर्टिना दुसऱ्या गावच्या माणसाच्या काँसर्टिनेशी पहिल्या दिवसापासून जुळे. जोडीदार शोधायचे असत ते माणसांत. वाद्यांचे जुळणे कारखान्यानेच उरकून ठेवलेले असे.

आपल्या देशात काँसर्टिना रुजली नाही. मान मिळाला तो तिच्या बहिणीला. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास पायपेटीचा खटाटोप काढून टाकून, मागे हाताने हलवायचा भाता बसवून, हातपेटी सिद्ध केली, आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या या देशाला परदेशी वाद्य एकदम घरचे वाटू लागले. एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर, आणि तोंड गाण्यासाठी मोकळे. काँसर्टिनेला दोन्ही हात लागतात, आणि ती धरून गाता येत असले तरी कीर्तनकाराला टाळ्या देता येत नाहीत. महाराष्ट्रात पेटीला प्रतिष्ठा दिली ती संगीत रंगभूमीने. ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीचे थोर वादक होते. विरोधही झाला, आणि तो उथळ नव्हता: सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि सनदी नोकर ई. क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुतींची पेटी करवून घेण्याचा खटाटोप केला. कारण कारखान्यात ठरून आलेला सूर आपल्या गळ्याला पुरत नाही, हे त्यांना बोचत होते. १९४० साली आकाशवाणीने पेटीला आपले दरवाजे बंद केले आणि ते सुमारे तीन दशके बंद राहिले. शास्त्रज्ञांचा हा वाद चालू असताना गावोगावची भजनी मंडळे पेटी, मृदंग आणि टाळ घेऊन बसतच होती. पेटीने भजनाला बांधून ठेवले, हे कितीही खरे असले, तरी तिने अनोळखी माणसांना एका सुरावर आणून बसवले हेही तितकेच खरे आहे, आणि मला तिच्या पारड्यात हे दुसरे माप जड वाटते.

तारप्याला असा कारखाना नाही. एका वेलाचा भोपळा दुसऱ्यासारखा निपजत नाही, एका बेटातला बांबू दुसऱ्याएवढा पातळ नसतो, आणि प्रत्येक तारपकरी आपले वाद्य आपल्या श्वासाच्या मापाने घडवतो. त्यामुळे दोन तारपे एका सुरात येणे हा योगायोग. आणि म्हणूनच, माझ्या समजुतीप्रमाणे, या मुलखात वाद्यवृंदाची घडण निराळी झाली. तारपकरी मधे एकटाच. त्याच्याभोवती पुरुष आणि बायका एकमेकांच्या कमरेत हात घालून वर्तुळ धरतात. वर्तुळाच्या टोकाला घुंगुरकाठी घेतलेला एक जण जमिनीवर काठी आपटून ठेका देतो. तारपकरी ज्या दिशेला वळेल त्या दिशेला वर्तुळ वळते, त्याने चाल बदलली की पावले बदलतात. सूर एक, पण त्याचा ठेका शंभर पायांचा. नाचणाऱ्यांपैकी कोणी प्रेक्षक नसतो आणि तारपकऱ्याचाही कोणी श्रोता नसतो. यॉर्कशरच्या गावात वीस वाद्ये जमवावी लागली. वेवजीत एका वाद्याला सारा पाडा जोडीदार म्हणून मिळाला.

तारप्याला ऋतू आहे. पेरणी-लावणीच्या दिवसांत तो आढ्यालाच राहतो. नवे भात घरात आले, की खाली येतो. धान्याची देवता कणसरी, पावसाचा नारणदेव, हिरवा, हिमाय, वाघदेव, गावदेव यांच्या मानपानात हे दिवस जातात, आणि दिवाळीच्या सुमारास नाच ऐन भरात असतो. कणसरीची कथा सांगायला घांगळी हे निराळे तंतुवाद्य असते आणि मेणात काडी रोवलेल्या थाळीचाही नाद असतो, पण माणसांना अंगणात खेचून आणतो तो तारपाच.

या आनंदाच्या भोवती ज्या काळाचा वेढा होता, त्याविषयी न लिहिता पुढे जाणे मला शक्य नाही. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वारल्यांवर मजकूर आहे. १९३९ साली सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांचा अहवाल आला, आणि त्यात वेठबिगारीचे जे चित्र सरकारच्याच माणसाने रेखाटले, ते वाचून आजही मन विषण्ण होते. जमिनी सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावे चढलेल्या. कसणारा वारली वेठीला जुंपलेला. यात सर्वांत क्रूर गोष्ट लग्नाची होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम उचलली, की तिच्या फेडीपोटी माणूस सावकाराच्या घरी राबायला बांधला जाई, आणि बहुधा त्याच्याबरोबर त्याची बायकोही. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. धवलेरी लग्नाची गाणी म्हणत, सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत, आणि त्याच मांडवातून नवरा-नवरी कर्जाच्या घरी चालू लागत. मला वाटते, तारप्याचा नाच वारल्याला एवढा जिवाभावाचा का, याचे एक कारण येथे सापडते. लग्नाला सावकार लागे. तारप्याला लागत नसे. भोपळा परसातला, बांबू रानातला, मेण पोळ्याचे, पाने ताडाची. जंगलखात्याने रानावर पहारा बसवला, १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडीच्या झाडावर कर बसला. परंतु ताडाच्या पानावर कर नव्हता, आणि श्वासावर तर नव्हताच.

२३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी या गावी किसान सभेच्या बावट्याखाली वारली हजारोंच्या संख्येने जमले, आणि यापुढे वेठ करायची नाही, ठरलेल्या मजुरीवाचून काम करायचे नाही, असा निर्धार त्यांनी केला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यात राहून काम करीत होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसे मारली गेली. गोदावरीबाईंनी ही हकीकत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहिली, आणि या मुलखाविषयी मराठीत लिहिलेल्या ग्रंथांत मी त्याला अग्रस्थान देतो. ऑक्टोबर म्हणजे तारप्याचे दिवस. त्या वर्षी कोणकोणत्या पाड्यांवर तारपा खाली उतरला असेल आणि कोणत्या आढ्याला तो तसाच लटकत राहिला असेल, हा विचार त्या मुलखातून चालताना माझा पिच्छा सोडीत नाही.

याच वर्षी के. जे. सावे यांचा वारल्यांवरचा इंग्रजी ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला, आणि याच वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे आपले कार्य मांडले, जे पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. जगाला मात्र तारपा ऐकू येण्याआधी दिसला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी, बायकांच्या हातून लग्नचौकात चालत आलेली ही चित्रकला कागदावर आणि कापडावर नेली, तेव्हा गेरूच्या भूमीवर पांढऱ्या रेघांनी फिरणारे ते नर्तकांचे वर्तुळ, आणि त्याच्या मधोमध लांब तारपा फुंकणारा माणूस, देशोदेशींच्या भिंतींवर जाऊन बसला. २०११ साली मशे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. त्या चित्रांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तरीही ती पाहणाऱ्या हजारोंपैकी किती जणांच्या कानी तो नाद पडला असेल, या विचाराने जीव हळहळतो.

आता लग्नाच्या वरातीत बेंजो वाजतो. हे नाव परदेशी बँजोवरून पडले असले, तरी वाद्य जपानचे. नागोया शहरी १९१२ साली मोरिता गोरो यांनी तारांवर टंकलेखनयंत्रासारख्या कळा बसवून ते केले, आणि पुढे ते आपल्याकडे बुलबुल तरंग म्हणून आले. कर्ण्याला जोडलेला बेंजो, ढोल आणि ताशा घेऊन मुले पार्टी काढतात, सुपारी घेतात, गावोगाव जातात. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. जोडीदारांसह वाजवण्याची जी तहान मला माझ्या काँसर्टिनेने लावली, तीच त्या मुलांनाही लागलेली आहे, आणि कळांचे वाद्य ती भागवते, कारण त्याचाही सूर ठरवून, मापून, जुळवून घेता येतो.

त्या घरच्या भाच्याने मला सांगितलेली गोष्ट याच संदर्भातली आहे. तो आणि पाड्यावरचे आणखी तिघे, शाळा शिकलेले आणि पलीकडे उंबरगावच्या कारखान्यांत कामाला जाणारे, तारप्याचे पथक करू पाहत होते. चार तारपे एकदम वाजावेत, शहरातल्या कार्यक्रमांत मंचावर उभे राहून वाजवावे, अशी त्यांची मनीषा होती. दोन वर्षे खटपट करूनही जमले नाही. एकाचा सूर वर, एकाचा खाली, आणि चौघे एकत्र फुंकू लागले की घरातली माणसे बाहेर येऊन हसत. मामा या खटाटोपाविरुद्ध आहे की काय, असे मी विचारले. मामाने मान हलवली. त्याने माझ्यासमोर एक तारपा खाली काढून फुंकला, आणि मी काँसर्टिनेवर एकेक गुंडी दाबीत त्याचा सूर शोधू लागलो. तो सापडेना. एका गुंडीवर तो किंचित वर राही, दुसरीवर किंचित खाली. देवलांना जी श्रुती हवी होती ती जणू या दोन गुंड्यांच्या मधल्या फटीत, चुलीच्या धुरात, वर्षानुवर्षे लटकत होती. मामा वाजवीत राहिला, मी शोधीत राहिलो, आणि भाचा दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला.

मग त्याने वर आढ्याकडे बोट केले. टांगलेल्या तिन्हींपैकी दोन भोपळे एकाच वेलाचे होते. मामाने गेल्या पावसाळ्यात एकाच आळ्यात लावून, दोघांना सारखे ऊन लागावे म्हणून मांडवावर शेजारी शेजारी चढवून वाढवलेले. नळ्यांसाठी बांबूही एकाच बेटातला तोडून आणलेला कोपऱ्यात उभा होता. एकाची मान जराशी बारीक निघाली आहे, तेवढ्याने किती फरक पडेल हे मामालाही सांगता येत नव्हते. भोपळे अजून पुरते वाळलेले नव्हते. दसऱ्याआधी त्यांना छिद्र पाडायचे नाही, असे ठरले होते.